डर्मारोलरनंतर दोन-अडीच महिन्यांनी गालावर गाठी, सोलापुरात कुठे दाखवावं?

मीनल_जुळेसोलापूर
आमच्या जाऊबाईंनी लेकीच्या लग्नाआधी एका पार्लरमध्ये डर्मारोलर (चेहऱ्यावर फिरवायचा बारीक सुयांचा रोलर) करून घेतलं, वरून व्हिटॅमिन सी सीरम चोळलं. तेव्हाची लाली दोन दिवसांत उतरली. आता लग्न पार पडलं आणि दोन्ही गालांवर मुगाएवढ्या लालसर, टणक गाठी आल्यात. पू नाही, खाजही फारशी नाही. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं की उतरतात, थांबवलं की परत येतात. पुण्याला न्यावं का?

रेवण
ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा की. ते स्टेरॉइड. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे लावू नका, ट्यूब मात्र सोबत न्या.

सुलभा_निवृत्त_सिस्टर
मीनल, इतक्या उशिरा आल्या म्हणून सुईचा संबंध नाही असं धरू नका. एरवी कातडीच्या वरच राहणारं सीरम सुईच्या छिद्रांतून खाली उतरतं. शरीराला ते परकं वाटलं की पेशी त्याला घेरून बसतात, त्याची गाठ होते. त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. ती यायला आठवडे, महिने जातात. सुरकुत्या भरायला टोचतात त्या फिलरच्या गाठी तर वर्षांनीही येतात. डर्मारोलरसारख्याच सुयांच्या ट्रीटमेंटनंतर चेहऱ्यावर ग्रॅन्युलोमा झालेल्या तीन स्त्रियांची नोंद २०१४ मध्ये अमेरिकेत छापून आली आहे.

पण दुसरी शक्यताही आहे. सुया नीट निर्जंतुक नसतील तर टीबीच्या कुळातले, पाण्यात राहणारे जंतू आत जातात. गड्ड्याच्या जत्रेत गोंदून घेतलं तरी हा धोका असतोच. गाठ दिसायला तशीच, उपचार मात्र वेगळे: सीरमच्या गाठीला बऱ्याचदा स्टेरॉइड देतात, जंतूंच्या गाठीला कित्येक महिने अँटिबायोटिक. नुसतं बघून ठरवू देऊ नका, बायोप्सीचं, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचं, विचारा. आणि सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू देऊ नका, त्यात जंतू मरतात. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, वेगळा तुकडा सलाइनमध्ये हवा. लॅबला ‘सुईनंतरची गाठ’ असं लिहून द्यायला सांगा, कारण यातले काही जंतू ३० अंशांच्या आसपासच नीट वाढतात, लॅबला तसं तापमान ठेवावं लागतं.

पुण्याची घाई नको. सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत आधी दाखवा.

मीनल_जुळेसोलापूर
खूप आभार ताई. सीरमची बाटली पार्लरमध्येच आहे. आणि बायोप्सीचा डाग राहील का? जाऊबाईंना त्याचीच धास्ती आहे.

सुलभा_निवृत्त_सिस्टर
बाटलीच्या लेबलचा फोटो काढून आणा, बॅच नंबर दिसू दे. पंच बायोप्सी तीन-चार मिलिमीटरची असते, एखादा टाका पडतो. बारीक खूण राहू शकते, म्हणून कानाजवळची एखादी गाठ घेता येईल का, असं डॉक्टरांना विचारा.