मॉडरेटर आणि मीडिएटर: मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: मानसशास्त्रातील एका प्रबंधाचा सारांश मराठीत आणताना मी ‘मॉडरेटर’साठी ‘नियंत्रक’ आणि ‘मीडिएटर’साठी ‘मध्यस्थ’ हे शब्द योजले. तपासणाऱ्या बाईंनी ‘नियंत्रक’भोवती लाल वर्तुळ काढून समासात विचारले आहे, की हा चल (व्हेरिएबल) स्थिर ठेवलेलाच नाही, तर तो नियंत्रक कसा? त्यांचा आक्षेप रास्त आहे. पण दुसरा शब्द सुचत नाही.

प्रतिसाद १: आधी काम पाहावे, मग नाव ठेवावे. ताणामुळे झोप उडते आणि झोप उडाल्यामुळे गुण घसरतात, असे म्हटले की झोप मीडिएटर ठरते. उलट, ताण एका अंकाने वाढल्यावर मित्रांचा आधार असलेल्यांचा समजा १ गुण आणि नसलेल्यांचे ४ गुण कमी होत असतील, तर तो आधार मॉडरेटर. मीडिएटरच्या बाबतीत दोन सहगुणकांच्या, म्हणजे ताणाचा झोपेवर आणि झोपेचा गुणांवर किती परिणाम होतो ते सांगणाऱ्या आकड्यांच्या, गुणाकारातून अप्रत्यक्ष परिणाम मिळतो, तर मॉडरेटर तपासताना दोन चलांचा, इथे ताण आणि आधार यांचा, गुणाकारच समीकरणात घालावा लागतो. माझ्या मते गल्लत या दोन गुणाकारांपाशीच होते. बॅरन आणि केनी या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हा भेद मांडला, तरी प्रबंधांतली अदलाबदल काही थांबलेली नाही.

प्रतिसाद २: काँग्रेसमधल्या मॉडरेटांना आपण मवाळ म्हणत आलो. त्याच न्यायाने ‘सौम्यक’ म्हणावे.

प्रतिसाद १: मॉडरेटर नाते तीव्रही करतो, क्वचित त्याची दिशाही उलटवतो. जहालालाही सौम्यक म्हणायचे का? ‘नियामक’ बरा.

प्रतिसाद ३: मला ‘मध्यस्थ’च खटकतो. संख्याशास्त्रात माध्य (मीन) आणि मध्यगा (मीडियन) आधीच ठाण मांडून बसले असताना आणखी एक ‘मध्य’ कशाला? शिवाय मध्यस्थ भांडण मिटवतो, परिणाम वाहून नेत नाही. ‘वाहक’ म्हणा.

प्रतिसाद २: तटस्थ तो काठावर उभा, मध्यस्थ तो धारेत उभा, आणि धार त्याच्यातूनच जाते. याहून नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद ३: व्युत्पत्ती गोड आहे, पण संस्कृतात मध्यस्थ म्हणजे तटस्थ असाही अर्थ होतो.

प्रतिसाद २: गीतेच्या सहाव्या अध्यायात उदासीन आणि मध्यस्थ वेगवेगळे मोजले आहेत, तेही एकाच समासात.

प्रतिसाद ४: मी वर्गात सरळ मॉडरेटर आणि मीडिएटर म्हणतो, आणि दर वर्षी निम्मी मुले दोन्हींची अदलाबदल करतात. तेव्हा इंग्रजी शब्द ठेवल्याने घोटाळा टळतो, असे मला म्हणवत नाही.

प्रश्नकर्ती: ‘नियामक’ घेते, मात्र त्याच तक्त्यात दोन ओळी खाली ‘नियंत्रित चल’ आहेत, आणि बाईंची लाल शाई अजून संपलेली नाही.

प्रतिसाद ३: पण ‘मध्यस्थ’चे काय ठरले?