मदत हवी आहे: प्रार्थनेत येणारे अभद्र विचार आणि ईआरपी

प्रार्थनेला बसलं की देवाबद्दल अभद्र, शिवराळ विचार मनात घुसतात. किळस येते. मग क्षमा मागणं, तीच प्रार्थना पहिल्यापासून म्हणणं सुरू. जरा हायसं वाटतं न वाटतं तोच विचार पुन्हा हजर. दाबायला गेलं की वाढतात. धर्मातल्या जाणत्यांना विचारलं. मनात आपोआप येणं म्हणजे पाप नव्हे, असं ते म्हणाले. पटलं, पण थोड्या वेळाने शंका परत.

मानसोपचारतज्ज्ञांनी ओसीडीचं (मंत्रचळ: नको ते विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) निदान केलंय, औषध चालू आहे आणि चालूच राहील. स्वतःला इजा करण्याचे विचार नाहीत. आता ईआरपी (एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेंशन) थेरपी सुरू होतेय: विचार येऊ द्यायचा, पण त्यानंतरची क्षमायाचना टाळायची. तत्त्व कळतं. पण क्षमा मागणं हा माझ्या उपासनेचाच भाग आहे! (‘श्रद्धाच सोडा’ हा सल्ला कृपया नको.)

श्रद्धा सांभाळून ज्यांनी ही थेरपी घेतली, त्यांनी नेहमीची क्षमाप्रार्थना आणि भीतीपोटी केलेली, यांतली सीमा थेरपिस्टबरोबर नेमकी कशी आखली? आणि प्रार्थना चालू असतानाच विचार आला तर तुम्ही तशीच पुढे म्हणत राहता का?