ना. सं. इनामदार : हरलेल्यांना कैफियत मांडू देणारा कादंबरीकार

सह्यवारा

ना. सं. इनामदार म्हटलं की आज बहुतेकांना 'राऊ'च आठवते. २०१५ साली तिच्या आधारे बाजीराव-मस्तानीवरचा हिंदी चित्रपट आला आणि ज्यांनी इनामदारांचं नावही ऐकलं नव्हतं अशा तरुणांनी ती वाचली, याचा मला आनंदच आहे. पण इनामदारांचं खरं मोठेपण 'राऊ'च्या आधीच्या तीन कादंबऱ्यांत आहे असं माझं ठाम मत आहे. 'झेप' (१९६३), 'झुंज' (१९६६) आणि 'मंत्रावेगळा' (१९६९).

नायक कोण घेतले ते बघा. त्रिंबकजी डेंगळे, यशवंतराव होळकर, दुसरा बाजीराव. शालेय इतिहासात पहिला खुनी, दुसरा पुणं लुटणारा, तिसरा पळपुटा. तिघांचाही निकाल लागून फाइल बंद झालेली.

त्रिंबकजीचंच घ्या. संगमनेर तालुक्यातल्या निमगाव जाळीचा हा माणूस पेशव्याचा कारभारी झाला. १८१४ साली अहमदाबादची सुभेदारी त्याच्याकडे आली. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले होते, आणि २० जुलै १८१५ च्या रात्री पंढरपुरात त्यांचा खून झाला. पुणे दरबारातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टननं त्रिंबकजीला जबाबदार धरलं आणि पेशव्यावर दबाव आणून त्याला ताब्यात घेतलं. तक्रार एल्फिन्स्टनची, चौकशी त्याची, शिक्षाही त्याचीच. आपण शिकलो तो इतिहास मुख्यतः त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या पत्रव्यवहारावर उभा आहे. दीडशे वर्षांनी एक मराठी लेखक उठतो आणि म्हणतो, आरोपीचंही ऐकून घेऊ. 'झेप'मध्ये मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

ठाण्याच्या किल्ल्यातून त्रिंबकजी निसटला ती हकिकत कादंबरीकारानं कल्पनेतून काढावी अशी आहे, पण ती खरी घडलेली आहे. देशी शिपाई फितूर होतील म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे ठेवले होते. एक मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर, घोडा फिरवता फिरवता खिडकीखाली मराठीत गाणं म्हणायचा. गाण्यातून सुटकेचा बेत सांगितला जात होता आणि पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मध्ये कैदी पसार. पुढे १८१८ ला पुन्हा पकडला गेला, गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात त्याला ठेवलं आणि तिथंच १८२९ मध्ये तो मेला. बिशप हेबरनं त्याला चुनारला पाहिलं होतं. सुटकेची ही गोष्ट हेबरनंही लिहून ठेवली आहे, म्हणजे शत्रूच्या गोटातही तिचं कौतुक होतं.

इनामदार वाचलेल्यांनी लिहा. न आवडलेल्यांनीही.

दप्तरी

धाग्याचा सूर मला मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आरोपीला बोलू द्यावं हे ठीक. पण कादंबरीत आरोपी बोलत नाही, त्याच्या वतीनं लेखक बोलतो, आणि फिर्यादी तर मेलेला आहे. गंगाधरशास्त्री तीर्थक्षेत्री, देवदर्शन करून परतताना मारले गेले. बाजीरावाच्या मेहुणीशी त्यांच्या मुलाचं लग्न ठरत होतं, ते त्यांनी मोडलं, त्यावरून दरबारात राग होता. हे हेतू कुठं जाणार?

दुसऱ्या बाजीरावाबद्दल तर मला फारच राग आहे. १८०१ मध्ये यशवंतरावाचा भाऊ विठोजी होळकर याला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. सर्जेराव घाटग्यानं पुणेकरांना घराघरांतून छळून पैसा काढला, तो याच्याच राज्यात. ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांशी वसईचा तह करून स्वातंत्र्य गहाण टाकलं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई चालू असताना श्रीमंत पर्वतीवरून बघत होते. पेशव्याचे सेनापती बापू गोखले आष्टीला लढत मेले आणि धनी ३ जून १८१८ ला इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन होऊन वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास (कानपूरजवळच्या बिठूरला) गेले. तिथं १८५१ पर्यंत सुखात जगले. एवढं सगळं समोर असताना सहाशे पानं वाचून वाचकाच्या डोळ्यांत याच्यासाठी पाणी येत असेल, तर ती लेखकाची ताकद खरी, पण तिचा परिणाम मला घातक वाटतो.

इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड छापलेले आहेत. ते किती जणांनी उघडले? कादंबरीतला संवाद मात्र लोक पुरावा म्हणून तोंडावर फेकतात.

माळवी

दप्तरीसाहेब, मी इंदूरचा. आमच्याकडे यशवंतराव हा पुणं लुटणारा नाही. इंग्रज सेनानी मॉन्सनच्या फौजेची १८०४ च्या पावसाळ्यात मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत दाणादाण उडवणारा तो राजा आहे. भानपुऱ्याला त्याची छत्री आहे. इंग्रजांशी राजघाटचा तह झाल्यावरही तो स्वस्थ बसला नाही. भानपुऱ्याला तोफा ओतायचा कारखाना घातला, स्वतः भट्टीपाशी उभा राहिला, त्या ध्यासात त्याचं मन बिघडलं आणि १८११ मध्ये ऐन उमेदीत गेला. महाराष्ट्रातल्या पुस्तकांत हे दोन ओळींत उरकतात. 'झुंज' वाचली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की पुण्याच्या माणसानं आमच्या बाजूनं बघितलं. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती प्रत जपून ठेवली आहे, पुठ्ठा दोनदा बांधून घेतलेली.

सह्यवारा

दप्तरी, तुम्ही दिलेली एकही तारीख मी नाकारत नाही. पण एका गोष्टीकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही असं वाटतं.

या तिन्ही कादंबऱ्यांचा काळ जवळजवळ एकच आहे. साधारण १८०० ते १८१८. विठोजीला हत्तीच्या पायी दिल्याची घटना यशवंतरावाच्या आयुष्यात सूडाचा उगम आहे, तर बाजीरावाच्या आयुष्यात ती पुढं मानगुटीवर बसणारं कर्म आहे. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला पेशवा आणि शिंदे यांच्या फौजांचा होळकरानं पराभव केला. एकासाठी तो न्याय, दुसऱ्यासाठी स्वतःच्या राजधानीतून परागंदा होणं, आणि तिथून थेट वसईचा तह. आता विचार करा, ज्या लेखकानं होळकराची बाजू एवढ्या जिवाभावानं लिहिली, त्यानंच तीन वर्षांनी होळकराला ज्याच्याविषयी सर्वाधिक संताप होता त्या माणसाची बाजू लिहिली. कुणाचा तरी वकील असता तर हे त्याच्यानं झालं नसतं.

'झुंज'नंतर 'मंत्रावेगळा' लगोलग वाचा. यशवंतरावाबरोबर पुण्यावर चालून गेलेले आपण, आणि त्याच पुण्यातून जीव घेऊन महाडकडे निघालेलेही आपणच. यातून कोणी बाजीरावाला निर्दोष ठरवत नाही. मराठ्यांचं राज्य एकमेकांना घाबरलेल्या, एकमेकांचं देणं लागणाऱ्या माणसांच्या हातून कसं गेलं, ते मात्र कळतं. खंडांमधून मला घटना मिळाल्या, ही भीती मिळाली नाही.

शनिवारची मोगरा

मला तिसरंच बोलायचं आहे. 'शिकस्त'चा उल्लेख कुणीच कसा केला नाही? पानिपतावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. बहुतेक ठिकाणी तोफा, रसद, नजीबखान, विश्वासरावाला लागलेली गोळी. इनामदारांनी पार्वतीबाईला मध्यभागी ठेवलं. सदाशिवरावभाऊंची बायको, जी मोहिमेत बरोबर गेली होती आणि परत आल्यावर भाऊ गेले हे तिनं कधीच मान्य केलं नाही. कुंकू पुसलं नाही. १७६३ मध्ये गेली तोवर वाट बघत होती. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला ठार करेपर्यंत अर्ध्या मुलखानं त्याच्यावर विश्वास ठेवला, म्हणजे वाट बघणारी ती एकटी नव्हती.

मला ती कादंबरी वाचताना रणांगणाच्या वर्णनापेक्षा वाड्यातली कुजबुज जास्त झोंबली. सौभाग्यवती म्हणून वावरणाऱ्या त्या बाईकडे हळदीकुंकवाला बाकीच्या कशा बघत असतील! हा प्रश्न कुठल्याही बखरकाराला पडला नव्हता.

गोदातीर

मोगराताई, 'शिकस्त' मलाही आवडते. तरीही एक तक्रार नोंदवते. इनामदारांच्या बायका शेवटी नवऱ्याच्या किंवा प्रियकराच्या दुःखाच्या आरशातच दिसतात. 'राऊ'मध्ये मस्तानी आणि बाजीराव यांच्यासाठी आपला जीव कासावीस होतो, पण काशीबाईंच्या वाट्याला सोसणं आणि समजून घेणं यापलीकडे फारसं काही येत नाही. मस्तानीचंही तसंच. ती छत्रसालाची मुलगी की दरबारातली नर्तकी यावर अभ्यासक भांडत आले. पुण्यात बाजीरावाच्या घरच्यांनीच कैद केल्यावर तिच्या मनात स्वतःच्या मुलाचं काय होतं? समशेर बहादूर पुढे पानिपतावर लढला आणि त्या जखमांनी गेला. त्या मुलाला कुठल्या धर्मात, कुठल्या घरात वाढवायचं हा आईचा केवढा झगडा असेल. मला तिथं आणखी पन्नास पानं हवी होती, भले एखादी मोहीम कमी झाली असती तरी चाललं असतं.

कृष्णाकाठ

सर्वांचा मान राखून लिहितो. औरंगजेबावरची 'शहेनशहा' मी अर्धी वाचून ठेवली आणि पुन्हा उघडणार नाही. ज्यानं १६८९ मध्ये संभाजीराजांना हाल हाल करून मारलं, त्याच्या म्हातारपणाच्या एकाकीपणावर मी हळहळू शकत नाही. मराठी लेखकानं मराठी वाचकाला हे करायला लावू नये.

सह्यवारा

कृष्णाकाठ, तुमच्या भावनेशी मी वाद घालणार नाही. एवढंच सांगते, 'शहेनशहा' वाचून माझा औरंगजेबावरचा राग कमी झाला नाही. १६८१ मध्ये दक्षिणेत उतरलेला बादशहा पंचवीस वर्षं इथं छावण्या हलवत राहिला, उत्तरेत परत गेलाच नाही, १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला आणि खुलताबादला पुरला गेला. आपल्या माणसांनी त्याला काय केलं, हे त्याच्या तंबूच्या आतून बघितल्यावर मला जास्त कळलं. संताजी-धनाजींच्या धाडी छावणीत बसून ऐकायच्या म्हणजे काय, याचा अनुभव मराठ्यांच्या बाजूनं लिहिलेल्या पुस्तकांत मिळत नाही, कारण तिथं आपण नेहमी घोड्यावर असतो.

दप्तरी

'झुंज' आणि 'मंत्रावेगळा' एकत्र वाचण्याचा मुद्दा चांगला आहे, तो मी मान्य करतो. पण असं वाचणारे किती? बहुतेक वाचक एकच कादंबरी वाचतो आणि त्या नायकाचा झेंडा आयुष्यभर खांद्यावर घेतो. गेल्या काही वर्षांत जातीच्या आणि घराण्याच्या अस्मितेवरून जे वाद पेटतात, त्यात कादंबऱ्यांतली वाक्यं ऐतिहासिक पुरुषांच्या तोंडी म्हणून फिरतात. प्रकाशकांनी नव्या आवृत्त्यांना टिपा जोडाव्यात : अमुक पत्र अस्सल, तमुक प्रसंग कल्पित. रसभंग होत नाही. ज्याला नको त्यानं शेवटची पानं उलटू नयेत.

माळवी

टिपांची सूचना मला पटली. मात्र बखरींनाही हाच नियम लावा. भाऊसाहेबांच्या बखरीतले संवाद कोणी ऐकून लिहिले होते? आपल्याकडे इतिहास आधीपासूनच गोष्टीच्या अंगानं सांगितला गेला आहे. इनामदारांनी निदान मुखपृष्ठावर 'कादंबरी' असं छापलं.

शनिवारची मोगरा

१९९७ चं साहित्य संमेलन अहमदनगरला भरलं तेव्हा इनामदार अध्यक्ष होते. त्रिंबकजीचा जिल्हा तो, आणि औरंगजेब मेला तेही ठिकाण जवळच. मला हे फार समर्पक वाटतं.

अकरावीतल्या मुलाला सुरुवात कुठून करून द्यावी? 'राऊ' नको, चित्रपट बघून झाला आहे.

सह्यवारा

'झेप' द्या. वेग आहे, कारस्थानं आहेत, आणि ठाण्याच्या तुरुंगाचा भाग आला की मूल पुस्तक खाली ठेवणार नाही. मग 'झुंज', आणि लगेच 'मंत्रावेगळा'. मधे खंड पडू देऊ नका. 'राजेश्री' नंतर, थोडं वय वाढल्यावर. राज्याभिषेकानंतरचे थकलेले, घरातल्या कलहानं पोळलेले महाराज सोळाव्या वर्षी झेपत नाहीत.

दप्तरी

आणि सोबत सरदेसायांच्या 'मराठी रियासत' या इतिहासग्रंथाचा उत्तर विभाग द्या, हात जोडून सांगतो. 'झेप' वाचून झाली की त्या मुलाला शास्त्र्यांच्या खुनाचं प्रकरण रियासतीत काढून वाचायला लावा आणि त्याचं काय मत होतं ते इथं नक्की लिहा.

सह्यवारा, तुमच्याच न्यायानं जाऊन एक मागणी करतो. इनामदारांनी आरोपीला बोलू दिलं. आता मला गंगाधरशास्त्र्यांच्या बाजूनं लिहिलेली कादंबरी वाचायची आहे. बडोद्याहून इंग्रजांची हमी घेऊन निघालेला, पुण्यात आल्यावर केलेला समझोता बडोद्यानं नाकारलेला, पेशव्याची सोयरीक मोडून बसलेला आणि तरीही आषाढात पेशव्याबरोबर पंढरपूरला गेलेला तो माणूस. इतका हुशार मुत्सद्दी त्या रात्री एवढ्या थोड्या माणसांनिशी देवळात का गेला, हे मला कागदांतून अजून उमगलेलं नाही.