मदत हवी आहे : वाफ्यावरचं काड कधी काढायचं?

नमस्कार मंडळी. इंदूरला घरामागे कडुनिंबाचे दोन वाफे केलेत. बी ताजंच, गर धुऊन आठवड्याच्या आत पेरलेलं (जुनं बी उगवत नाही, हा धडा गेल्या वर्षी मिळाला). मालव्याची काळी माती वरून पापडासारखी धरते, म्हणून एका वाफ्यावर गव्हाचं काड पसरलं. तिथे अकराव्या दिवशी कोंब आले. उघड्या वाफ्यात अजून शुकशुकाट. पण आज काड उचलून पाहिलं तर रोपं पिवळी, लांबुडकी, तीन तर बुडाशी सडून आडवी! आता काड एकदम काढू की थोडं थोडं? वर हिरवी जाळी बांधावी का? आणि वाळवीच्या भीतीने काडाऐवजी नारळाचा भुसा कुणी वापरलाय?