बोर्ड देताय तर रेझिनपण द्या

या चर्चेत वर एकानं लिहिलंय की बेटावरच्या गरीब पोरांना सर्फबोर्ड (लाटांवर उभं राहून घसरत जायची फळी) वाटण्यापेक्षा वह्यापुस्तकं, औषधं द्यायची होती. मला नाही पटत. लाटा त्यांच्या दारात अन् त्यावर खेळणार बाहेरचे पाहुणे, मग तिथल्या लेकरांनी काय नुसतं काठावर बसून बघायचं का? (आमचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर, तरी बोलायलो बघा.) आणि औषधांचं म्हणाल तर इंडोनेशियाच्या मेंतावाई बेटांवर सर्फिंगलाच गेलेल्या एका डॉक्टरनं तिथला मलेरिया बघून 2000 साली सर्फएड संस्था काढली.

खरा घोळ वाटप झाल्यावर होतो. बोर्ड म्हणजे आत फोम अन् वरून काचेच्या धाग्याचं कापड (फायबरग्लास) अन् वाळून कडक होणारा चिकट द्रव (रेझिन) यांचं पातळ कवच, खडकावर आपटून नखाएवढी चीर पडली तरी पाणी आत शिरतं, बोर्ड जड होतो, मग तो पूर्ण वाळवा, घासा, रेझिन भरा, आणि हे सामान तिथं आणायचं कुठून? आमच्या गावच्या शाळेत देणगीतलं क्रिकेट किट असंच कपाटात धूळ खायलंय. त्यापेक्षा चार बोर्ड कमी न्या पण रेझिन, पॉलिश पेपर, जादा फिन (बोर्डाखालचे पंख) न्या, तिथल्याच दोघा पोरांना दुरुस्ती शिकवा. अन् पायाला बांधायची लीश झिजलेला जुना बोर्ड तर देऊच नका, सुटला की दुसऱ्याच्या डोक्यात बसतो.