घंटा वाजली, फोटो थांबला, ह्यात नशीब कुठं आलं?

टिळकवाडी_कट्टा:
फ्रेंच कलाकार ख्रिश्चन बोल्टान्स्कीचं 2011 च्या व्हेनिस बिएनाले ह्या कलाप्रदर्शनातलं 'चान्स' नावाचं काम काल व्हिडिओत बघितलं. फ्रान्सच्या दालनभर पाइपांचा सांगाडा, त्यातून पेपर छापतात तशी पट्टी पळतेय, पट्टीवर नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे फोटो, मधेच घंटा वाजते, पट्टी थांबते आणि एक चेहरा पडद्यावर येतो. झालं. आमच्याकडच्या ओसीच्या, म्हणजे मटक्याच्या, आकड्यात आणि ह्यात फरक काय की? ओसीत लागला तर पैसे तरी मिळतात.

शहापुरी_साडी:
आकडा लावणारा फक्त आपल्या आकड्याकडं बघतो, बाकीचे 99 त्याच्या खिजगणतीतच नसतात. इथं तुझा आकडाच नाही. मला तर घंटा वाजल्यावर जी बाळं थांबली नाहीत तीच आठवत बसली. आणि ते मोठे काउंटर बघितलास काय, हिरव्यात आज जगात किती जन्मले ते पळतंय, लालमध्ये किती गेले ते.

टिळकवाडी_कट्टा:
बघितलं. भारी वाटतं, पण पणाला कुणाचं काय लागलंय? बघणारा तिकीट काढून आत आणि कॉफी पिऊन बाहेर.

निपाणी_स्टँड:
पणाला लावलं की त्यानं, स्वतःलाच. डेव्हिड वॉल्श म्हणून टास्मानियाचा एक जुगारावर श्रीमंत झालेला माणूस, त्याच्याबरोबर सौदा, स्टुडिओत कॅमेरे लावायचे, तिकडं सगळं लाइव्ह दिसणार, आणि बोल्टान्स्की जिवंत असेपर्यंत दर महिन्याला पैसे. आठ वर्षांच्या आत गेला तर वॉल्शचा फायदा. गडी ती आठ वर्षं ओलांडून 2021 पर्यंत जगला! आता ह्याला कला म्हणायचं का विमा ते तुम्ही ठरवा, मला तरी त्या घंटेच्या दालनापेक्षा हेच जास्त पटलं.

जांबोटीचा_पाऊस:
एवढं लांब कशाला जाताय. आमची आज्जी देवाला कौल लावायची, ओल्या पाकळ्या मूर्तीला दोन्हीकडं चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही, आणि सगळे श्वास धरून बसलेले, बाहेर पाऊस धो धो. पण मी अगदी जवळून बघितलंय, डावीकडची पाकळी ती जरा जास्त भिजवून अंगठ्यानं दाबून लावायची, म्हणजे ती कशाला पडतेय. ताईचं लग्न असंच ठरलं.

टिळकवाडी_कट्टा:
😂 म्हणजे तिथंपण मॅच फिक्सच

शहापुरी_साडी:
ताईला माहिताय काय हे?

जांबोटीचा_पाऊस:
परवा सांगितलं. म्हणाली, अंगठा मीच दाबायला सांगितला होता.