शिक्षा, सजा आणि तंबी

'शिक्षा' शब्द हिंदीनं मूळ अर्थानं जपला आणि मराठीनं बिघडवला, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही.

संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं-शिकवणं, यात वाद नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'शिक्ष विद्योपादाने' (विद्या मिळवणं) असंच आहे. तैत्तिरीय उपनिषदातली शीक्षावल्ली वर्ण, स्वर, मात्रा यांच्या उच्चारापासून सुरू होते. आपलं 'शिकणं' याच धातूचं, प्राकृत 'सिक्ख'वरून आलेलं. व्युत्पत्तिकार आणखी मागं 'शक्' धातूपर्यंत जातात: समर्थ व्हायची इच्छा. किती देखणा अर्थ आहे हा!

मग दंडाचा अर्थ कुठून आला? 'शास्' धातू बघा. शिष्य आणि शास्त्र त्याचेच, अन् 'त्याला कडक शासन व्हावं' यातलं शासनही त्याचंच. शिकवणं आणि ताळ्यावर आणणं या गोष्टी आपल्या भाषांत आधीपासून लगत आहेत. आई 'थांब, शिकवते तुला' म्हणाली की लेकरू पाटी काढत नाही, पळ काढतं.

शिवाय हे एकट्या मराठीचं नाही. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू कानावर पडतं, उदगीरच्या पलीकडं कन्नड. त्या दोन्ही भाषांत हा शब्द दंडाचाच. उलट हिंदीत 'शारीरिक शिक्षा' म्हणजे खेळ-व्यायामाचा तास, आणि मराठीत छडी, जिला शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नं मनाई आहे.

निजामाच्या राज्यात, १९४८ पर्यंत, सरकारी कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळं 'सजा' आपल्याकडं मराठवाड्यात चांगलीच रुळली. फारसीत सजा म्हणजे लायक, योग्य. म्हणून केल्या कर्माला साजेसं फळ. तंबी अरबी 'तनबीह'वरून, म्हणजे जागं करणं. उर्दूतली गोशमाली तर शब्दशः कान चोळणं, आपल्या कान पिळण्याची सख्खी बहीण.

माझ्या मते फरक असा करावा. तंबी आधी मिळते, सजा झाल्या गुन्ह्याचा हिशेब चुकता करते, आणि शिक्षेत माणूस सुधारेल ही आशा असते. म्हणून 'फाशीची शिक्षा' मला खटकतं. तिथं मृत्युदंडच म्हणावं. लेकराला तासभर अंगठे धरून उभं केलं, तर ती सजा. चुकलेलं गणित सरांनी शेजारी उभं राहून फळ्यावर पुन्हा सोडवून घेतलं, तर ती शिक्षा.

उदगीर, निलंगा, देगलूरकडच्यांनी सांगावं: तुमच्याकडं घरात लेकरांच्या बाबतीत 'सजा' म्हणतात, का तो शब्द कोर्टापुरताच उरलाय?